मर : पिकाची की जमिनीची?



कार्तिक सरून मार्गशीर्ष लागला की माळव्यापासून कर्नाटकापर्यंतच्या काळ्या जमिनीत तूर पिवळ्या फुलांनी भरून येते. याच सुमारास काही शेतांत एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. फुललेल्या, हिरव्यागार पिकात मध्येच चारसहा झाडे मान टाकतात. त्यांची पाने प्रथम निस्तेज होतात, मग पिवळी पडतात, आणि पाहता पाहता ती झाडे उभ्याउभ्या वाळून जातात. परक्या माणसास वाटावे, पाणी कमी पडले. परंतु वीतभर माती उकरून पाहिली, तर ओल हाताला लागते. शेजारचे झाड त्याच ओलीवर डोलत असते. भोवती पाणी असताना झाडाने तहानेने मरावे, असा हा प्रकार आहे. आपल्या शेतकऱ्याने त्याला दोनच अक्षरांचे नाव दिले आहे : मर.

असे एखादे झाड मुळासकट उपटावे आणि बुंध्याकडचे खोड चाकूने उभे चिरावे. आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. तुरीच्या झाडावर बाहेरूनही खूण असते. जमिनीलगत सुरू होऊन वर चढत गेलेला जांभळट पट्टा खोडाच्या एका बाजूस दिसतो. आतल्या काळ्या रेघा म्हणजे झाडाच्या जलवाहिन्या होत. मुळांनी शोषलेले पाणी याच नळ्यांतून पानांपर्यंत पोहोचते. मर रोगाची बुरशी कोवळ्या मुळांतून आत शिरते, ती थेट या नळ्यांत घर करते. तिचे तंतू तेथे वाढतात, ती विषारी द्रव्ये सोडते, आणि शत्रूला अडविण्यासाठी झाड स्वतःच आपल्या नळ्यांत डिंकासारखा पदार्थ ओतते. बुरशीने थोडे आणि झाडाने थोडे, असे दोघांनी मिळून पाण्याची वाट बंद केलेली असते.

मी कृषिशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण एम. ए. पर्यंतचे आणि नोकरी सरकारी कागदपत्रांची. पीकपाहणी, आणेवारी, नुकसानीचे पंचनामे यांच्या निमित्ताने बांधाबांधांवरून पुष्कळ हिंडावे लागते, आणि या रोगाशी माझी ओळख झाली ती तेथे. एका वयस्क शेतकऱ्याने वाळलेल्या तुरीकडे बोट दाखवून मला विचारले होते, "बियाणं दोनदा बदललं, साहेब. आता जमीन कुठली बदलू?" या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले आणि जाणत्यांकडून ऐकले, ते आज आपणांपुढे मांडीत आहे. कारण त्या शेतकऱ्याने बोट पिकाकडे दाखविले असले, तरी त्याचा प्रश्न जमिनीविषयीचा होता, आणि तो अगदी बरोबर होता.

तुरीच्या या रोगाचा पहिला पद्धतशीर अभ्यास आपल्याच देशात झाला. बिहारमधील पुसा येथे या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी सरकारी कृषिसंशोधन संस्था स्थापन झाली. तेथील कवकशास्त्रज्ञ एडविन जॉन बटलर यांनी तुरीच्या मर रोगावर अनेक वर्षे काम केले, आणि १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात या बुरशीचे स्वतंत्र वर्णन करून तिला फ्युजेरियम उडम हे नाव दिले. त्या काळी अमेरिकेतील काही विद्वान जमिनीत आढळणाऱ्या एका निराळ्याच बुरशीवर या रोगाचा आरोप ठेवीत असत. बटलरसाहेबांनी प्रयोगांनी तो आरोप खोडून काढला. (१९३४ च्या भूकंपानंतर ही संस्था दिल्लीस हलविण्यात आली. दिल्लीतील आपले मराठी श्रोते ज्या भागाला पुसा म्हणून ओळखतात, त्याच्या नावामागे बिहारमधले हे खेडे आहे.)

फ्युजेरियम हे कुलनाम. त्याचे गोत्र मोठे आहे. तुरीची बुरशी वेगळी, हरभऱ्याची वेगळी, कापसाची वेगळी, टोमॅटोची, केळीची, जवसाची आणखी वेगळी. हरभऱ्याची बुरशी केळीला मारीत नाही, आणि केळीची हरभऱ्याच्या वाटेस जात नाही. परंतु या सर्वांची राहणी एकाच धाटणीची आहे. पीक निघून गेले, धसकटे जमिनीत राहिली, की बुरशी त्या धसकटांत राहते. तीही कुजून गेली, की ती जाड कवचाचे बीजाणू करून मातीत स्वस्थ पडून राहते. या अवस्थेत तिला अन्न लागत नाही, आणि उन्हाळ्याच्या तापाचेही तिला फारसे भय वाटत नाही. पुढे कधीतरी तिच्या आवडत्या पिकाचे मूळ जवळून जाते, त्यातून शर्करा आणि इतर द्रव्ये पाझरतात, आणि हा कुंभकर्ण जागा होतो.

ही निद्रा किती काळ चालते? हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेत, म्हणजे इक्रिसॅटमध्ये, याविषयी मोजमाप झाले आहे. हरभऱ्याचे एकही झाड न लावलेल्या जमिनीत हरभऱ्याची बुरशी सहा वर्षे जिवंत राहिली. तुरीची बुरशी धसकटांच्या आश्रयाने काळ्या जमिनीत सुमारे अडीच वर्षे आणि तांबड्या जमिनीत सुमारे तीन वर्षे टिकली. म्हणजे 'गेल्या वर्षी येथे हरभरा नव्हता' एवढ्यावर निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

जमीनच आजारी असू शकते, ही कल्पना शास्त्रात रूढ झाली ती अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवसाचे पीक मोठ्या प्रमाणावर घेत. दोनचार वर्षे पीक उत्तम येई, मग ते मरू लागे. लोक म्हणत, जवस जमिनीचा कस खाऊन टाकते. मग ते आपले बिऱ्हाड उचलून आणखी पश्चिमेस, नांगर न लागलेल्या जमिनीकडे जात. हेन्री बोली नावाच्या प्राध्यापकाने १८९४ पासून एकाच तुकड्यात दरसाल जवस पेरण्याचा हट्ट धरला. जमिनीतील अन्नांश शिल्लक असूनही पीक मरते, आणि त्याचे कारण जमिनीत साठत गेलेली बुरशी आहे, हे त्याने १९०१ साली जाहीर केले. त्याच तुकड्यात सर्वनाशातून जी थोडी झाडे वाचली, त्यांचे बी धरून त्याने पुढे मर सोसणारे जवस निर्माण केले. आजारी जमीन हीच त्याने परीक्षक नेमली. आपल्या कृषिविद्यापीठांत तुरीचे आणि हरभऱ्याचे नवे वाण निवडण्यासाठी मुद्दाम मरग्रस्त ठेवलेले तुकडे असतात, ते याच वंशाचे.

डाकोटाच्या शेतकऱ्याला पश्चिमेकडे जमीन होती. आपल्या शेतकऱ्याला दोन एकरांच्या पलीकडे शेजाऱ्याचा बांध आहे. यास्तव जमीन आजारी असणे म्हणजे काय, आणि कोणत्या स्थितीत ती आजारी पडते किंवा बरी होते, हे जाणून घेणे आपल्याला अधिक अगत्याचे आहे.

आता जमिनीच्या स्थितीकडे वळू. पहिली गोष्ट जमिनीची उष्णता. विस्कॉन्सिन विद्यापीठात एल. आर. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या सुमारास एक साधी युक्ती केली. रोगट माती भरलेली भांडी त्यांनी वेगवेगळ्या उष्णतेच्या पाण्याच्या टाक्यांत ठेवली आणि त्यांत रोपे लावली. माती तीच, बुरशी तीच, रोपे तीच. सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या टाकीत टोमॅटोची रोपे मेली, आणि थंड टाकीतली हिरवीगार राहिली. बुरशी जमिनीत असणे आणि रोग होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या टाक्यांनी दाखवून दिले.

हरभऱ्याच्या बाबतीत हे तत्त्व आपल्या दारात येऊन उभे राहते. परतीच्या पावसानंतर जमीन अद्याप ऊबदार असताना पेरलेल्या हरभऱ्याला मर अधिक लागते. थंडी पडू लागल्यावर पेरलेला हरभरा पुष्कळसा वाचतो. यावर कोणी म्हणेल, मग पेरणी लांबवावी. बागायतदाराला ते शक्य आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा हरभरा मात्र जमिनीतल्या ओलीवरच यावयाचा असतो. तो थंडीची वाट पाहत बसला, तर वाफसा निघून जातो आणि बी उगवतच नाही. लवकर पेरावे तर बुरशी, उशिरा पेरावे तर कोरड, अशा कैचीत तो सापडलेला असतो. त्याला 'पेरणी पुढे ढकला' असा सरसकट सल्ला देणारी पत्रके मी पाहिली आहेत. ती लिहिणाऱ्याच्या विहिरीला पाणी असावे.

दुसरी गोष्ट ओल. येथे प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण ज्याला सरसकट मर म्हणतो, त्या नावाखाली हरभऱ्यात निदान तीन रोग दडलेले असतात, आणि प्रत्येकाला जमिनीची निराळी स्थिती मानवते. पेरणीनंतर लगेच, जमीन ओलीगच्च आणि उबदार असताना, विशेषतः अर्धवट कुजलेला पालापाचोळा शेतात असेल तर, रोपे जमिनीलगत कुजून पडतात. बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीच्या दाण्यांसारख्या गाठी दिसतात. ही मानकूज, तिची बुरशी स्क्लेरोशियम. पुढे घाटे भरताना, ऊन वाढलेले आणि जमीन भेगाळलेली असताना, झाडे एकाएकी गवताच्या रंगाची होऊन वाळतात. उपटू गेले तर मूळ काडीसारखे मोडते आणि उपमुळे जागेवर नसतात. ही कोरडी मूळकूज. तिला कोरड आणि ताप या दोहोंची आवड, आणि आपल्याकडील वाढत्या उन्हाळ्यांमुळे तिच्याविषयीची चिंता शास्त्रज्ञांत वाढत आहे. खरी मर या दोहोंच्या मधली. तीत मूळ बाहेरून धडधाकट दिसते आणि खोड चिरल्यावाचून काही कळत नाही. पहिल्या रोगाला निचरा आणि नीट कुजलेले खत हवे, दुसऱ्याला वेळेवर ओल हवी, तिसऱ्याला पिकाची फेरपालट आणि सोशिक वाण हवा. नाव एक धरून उपाय केला, तर पाण्याने बरा होणारा रोग औषधात आणि वाणाने बरा होणारा रोग पाण्यात बुडतो.

कापसात तर याहून मोठी फसगत होते. संकरित कापसाची झाडे दीर्घ उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला, किंवा ताणावर असताना भरपूर पाणी दिले, की एकदोन दिवसांत मलूल होतात. याला आकस्मिक मर म्हणतात. यात बुरशी नसतेच. भारी जमिनीतल्या हवेची जागा पाण्याने घेतली, मुळांचा श्वास कोंडला, आणि पानांची मागणी मात्र चालू राहिली, असा हा प्रकार आहे. बुरशीनाशकाचा डबा येथे निरुपयोगी. साचलेले पाणी काढून देणे आणि वाफसा येताच झाडाच्या बुंध्याशी माती मोकळी करणे हेच खरे काम.

परंतु कापसाच्या खऱ्या, बुरशीजन्य मर रोगाची हकीकत मला सर्वांत बोधप्रद वाटते, आणि तीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

१८९२ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात ॲटकिन्सन या शास्त्रज्ञाने कापसाच्या मर रोगाचे वर्णन केले. तेथे हा रोग रेताड, हलक्या, आम्लधर्मी जमिनीत होई. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी ज्या शेतात असत तेथे तो फार होई, हेही त्यांनी नमूद केले. पुढे अमेरिकन ग्रंथांतून नियमच होऊन बसला : कापसाची मर म्हणजे वाळूचा रोग, आम्ल जमिनीचा रोग, सूत्रकृमींच्या सोबतीने येणारा रोग. आता आपल्याकडे पाहा. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, भडोच या भागांतील देशी कापसाला मर लागे ती काळ्याभोर, चिकण, चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत. वाळूचा मागमूस नाही, आम्लता नाही, आणि सूत्रकृमींच्या मदतीची तिला गरज नाही. मुंबई इलाख्यात जी. एस. कुलकर्णी आणि पुढे बी. एन. उप्पल यांनी या रोगाचा अभ्यास केला. धारवाडकडील जयवंत आणि खानदेशातील जरीला हे मर सोसणारे देशी वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. जुन्या खानदेशी घरांतून जरीला हे नाव अजून ऐकू येते.

दोन खंडांत एकाच नावाच्या रोगाने दोन विरुद्ध जमिनी निवडाव्या, याचे कारण काय? बुरशीचे पोटभेद निराळे आहेत. अमेरिकेतील कापसावर तेथील भेद पोसला, आपल्या देशी कापसावर आपला. १९६० मध्ये अमेरिकेतील आर्मस्ट्राँग दांपत्याने भारतातील या बुरशीला चौथा भेद म्हणून वेगळे केले. चाळीस वर्षे अमेरिकन कास्तकाराला त्याची फिकीर नव्हती. २००१ साली कॅलिफोर्नियातील सान वाकीन खोऱ्यात पिमा कापूस मरू लागला. जमीन भारी, सामू सातच्या वर, सूत्रकृमी नाहीत. पुस्तकातील नियमाप्रमाणे तेथे मर होणे संभवनीयच नव्हते. शोध घेता ती बुरशी आपल्या चौथ्या भेदाशी जुळली. ज्या जमिनीला ग्रंथांनी सुरक्षित म्हणून प्रशस्तिपत्र दिले होते, तीच तिला मानवली.

केळीची कथा याच धर्तीची आहे. मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल जातीच्या केळीच्या बागा पनामा रोगाने, म्हणजे केळीच्या मर रोगाने, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उजाड केल्या. १९६० च्या सुमारास व्यापारी जगाला ती जात सोडून कॅव्हेन्डिश गटाच्या केळीकडे वळावे लागले. आपल्या जळगावच्या केळी याच कॅव्हेन्डिश गटातल्या. ग्रो मिशेलच्या त्या दिवसांत बागाइतदारांच्या ध्यानात आले होते की काही जमिनींत बाग थोड्याच वर्षांत संपते, तर काहींत ती दीर्घकाळ टिकते. स्टॉट्झ्की आणि मार्टिन यांनी १९६३ साली दाखविले की टिकाऊ जमिनींत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ही माती जिवाणूंचे काम जोमात ठेवते, आणि जिवाणू बुरशीला पसरू देत नाहीत, अशी त्यांची उपपत्ती होती. आता गंमत पाहा. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी जमीन याच जातीच्या चिकणमातीने बनलेली आहे, आणि तीच तुरीच्या, हरभऱ्याच्या, देशी कापसाच्या मर रोगाचे माहेर आहे! होंडुरासमध्ये केळीला तारणारी माती वऱ्हाडात तुरीला तारीत नाही. (इकडे कॅव्हेन्डिशलाही मारणारा केळीचा नवा भेद, ज्याला उष्ण कटिबंधातील चौथा भेद म्हणतात, तो २०१० नंतरच्या दशकात बिहारमधील कटिहार भागात येऊन पोहोचला. बुटांना लागलेली माती आणि रोगट बागेतले मुनवे ही त्याची वाहने.)

या उदाहरणांवरून जमिनीचा काही संबंधच नाही, असे कोणी समजू नये. संबंध फार जवळचा आहे. पण तो माती, बुरशीचा भेद, पीक आणि मातीतले इतर जीव या चौघांच्या जमावातला आहे. एकट्या सामूचा आकडा पाहून त्याविषयी निकाल देता येत नाही.

यांपैकी मातीतल्या इतर जीवांकडे शास्त्राचे लक्ष उशिरा गेले. फ्रान्सच्या दक्षिणेस शातोरनार नावाचे गाव आहे. तेथील मळ्यांत खरबुजाची मर करणारी बुरशी असूनही खरबुजे मरत नाहीत. १९७० च्या दशकात लुवे, रुक्सेल आणि आलाबुवेत या शास्त्रज्ञांनी ती माती वाफेने तापविली. तेव्हा तिचा गुण नाहीसा झाला आणि खरबुजे मरू लागली. त्याच मळ्यातली न तापविलेली थोडी माती मिसळताच गुण परत आला. दह्याच्या विरजणाची आठवण व्हावी, असा हा प्रयोग. संरक्षण करणारे जीव कोण, तर प्रामुख्याने त्याच फ्युजेरियम कुळातील निरुपद्रवी भाऊबंद. ते मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच अडवून बसतात, आणि मारेकऱ्याला वाव मिळत नाही. कॅलिफोर्नियातील सालिनास खोऱ्यात शेर आणि बेकर यांना १९८० च्या सुमारास दुसरी तऱ्हा आढळली. तेथील स्यूडोमोनास नावाचे जिवाणू मातीतले लोह ओढून घेणारे द्रव्य सोडतात, आणि लोहावाचून बुरशीचे बीजाणू अंकुरत नाहीत. आपल्याकडे बियाण्याला चोळतात ती ट्रायकोडर्मा ही बुरशी अशाच मित्रपक्षातली. पण तिच्याही पोटाला काही लागते. सेंद्रिय अंश उरलेला नाही अशा जमिनीत ती टाकणे म्हणजे दाणापाण्यावाचून शिबंदी ठेवण्यासारखे आहे. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनींत हा सेंद्रिय अंश बहुधा फार थोडा असतो, आणि येथे आपली दुखरी नस आहे, असे माझे मत आहे.

खतांचा विषयही असाच सावधगिरीने हाताळावा लागतो. पुसा येथे मॅक्रे आणि शॉ यांनी तुरीवर दीर्घकाळ खतांचे प्रयोग केले. १९३३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणे सुपरफॉस्फेट घातलेल्या तुकड्यांत मर वाढली, आणि ताग गाडलेल्या तुकड्यांत ती कमी झाली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टोमॅटोच्या मर रोगावर निराळाच तोडगा निघाला. तेथील रेताड, आम्ल जमिनीत चुना घालून सामू सातच्या घरात नेला आणि नत्र अमोनियाऐवजी नायट्रेटच्या रूपाने दिले, तेव्हा रोग लक्षणीय उतरला. सामू वाढला की लोह, मँगेनीज, जस्त ही सूक्ष्म द्रव्ये बुरशीला दुर्मीळ होतात. उपाय उत्तम आहे, पण तो फ्लोरिडाच्या वाळूसाठी. आपल्या चुनखडीच्या जमिनीत, जेथे लोहाअभावी पिके आधीच पिवळी पडतात, तेथे मर रोगावर म्हणून आणखी चुना टाकणे हा शुद्ध अपव्यय होईल. कोकणातल्या आम्ल जमिनीत टोमॅटो-वांगी करणाऱ्याने मात्र त्याचा विचार अवश्य करावा.

आपल्या जुन्या शेतीत बेवड म्हणून एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. आधीच्या पिकाने जमिनीवर मागे ठेवलेला परिणाम म्हणजे बेवड. अमक्या पिकाचा बेवड चांगला, तमक्याचा वाईट, हे जाणते शेतकरी तोंडपाठ सांगतात. तुरीसाठी ज्वारीचा बेवड चांगला, आणि ज्वारीत मिसळून पेरलेल्या तुरीला मर कमी, हा अनुभव पाटणचेरूच्या प्रयोगांनीही खरा ठरविला. मध्ये एक वर्ष ज्वारी घेतल्याने पुढच्या तुरीतील मर पुष्कळच घटली. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये बुरशीला बाधक असतात असे मानतात. शिवाय दोन तुरींच्या मुळांमध्ये ज्वारीची मुळे आल्याने रोगाची वाटही तुटते. ज्वारीचे क्षेत्र घटून जेथे निव्वळ सोयाबीन आणि तूर आली, तेथे हे संरक्षण नकळत निघून गेले. ज्वारी का घटली याची कारणे बाजारात आहेत, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावता येणार नाही.

वाणांच्या बाबतीत आपली स्थिती बरी आहे. मराठवाड्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा तुरीचा वाण आणि राहुरीच्या विद्यापीठाचा विजय हा हरभऱ्याचा वाण यांनी मर सोसण्याच्या गुणाने पुष्कळ शेते राखली. परंतु बुरशीही स्वस्थ बसत नाही. हरभऱ्याच्या बुरशीचे निरनिराळे भेद आपल्याच देशात आढळले आहेत, आणि एका गावी तग धरणारा वाण दुसऱ्या गावी मान टाकू शकतो. उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून तिला उन्हाने तापविण्याची रीत इस्रायलच्या काटान यांनी १९७६ साली पुढे आणली. आपल्या उन्हात ती प्रभावी ठरते. रोपवाटिकेला आणि भाजीच्या वाफ्याला ती परवडेल. चार एकर तुरीवर प्लॅस्टिक अंथरणारा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही.

नुकसान किती होते, तेही ऐकावे. पाटणचेरूच्या पाहणीप्रमाणे शेंगा धरण्यापूर्वी मर लागली तर त्या झाडाचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाते, पीक पक्व होताना लागली तर सुमारे ६७ टक्के, आणि काढणीच्या तोंडावर लागली तरी सुमारे ३० टक्के. आठ महिने सांभाळलेले पीक असे जाते, तेव्हा शेतकऱ्याच्या घरी त्या वर्षाची डाळ आणि सावकाराचा हप्ता दोन्ही जातात.

आता माझ्या खात्याच्या कक्षेतले थोडे बोलतो. १९ फेब्रुवारी २०१५ पासून देशात मृद् आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेत जमिनीचे बारा गुण नोंदले जातात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म द्रव्ये. योजना स्तुत्य आहे. पण या बारांत जमिनीतल्या रोगाचा उल्लेख नाही. जमिनीची रासायनिक नाडी पाहिली जाते, आणि तिचा पूर्वेतिहास विचारला जात नाही.

तो इतिहास सरकारदरबारी पडून आहे. महाराष्ट्रातील गाव नमुना बारा, मध्य प्रदेशातील खसरा, कर्नाटकातील पहाणी, यांत प्रत्येक गटात कोणत्या हंगामात काय पेरले होते याची वर्षानुवर्षांची नोंद असते. नमुना बारामध्ये तर मिश्र पिकाचे रकाने स्वतंत्र आहेत, म्हणजे तूर एकटी होती की ज्वारीच्या सोबतीने, हेही त्यावरून कळते. जी बुरशी सहा वर्षे मातीत झोपते, तिच्यासाठी दहा वर्षांचा पीकपेरा याहून चांगली रोगपत्रिका कोणती? ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकरी स्वतःच मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करतो. आपण आजवर हे कागद सारा, कर्ज आणि वाद यांपुरतेच उघडले. कृषिसहायकाने शेतकऱ्याला वाण सुचविण्यापूर्वी त्या गटाचा मागचा पीकपेरा समोर ठेवावा, एवढी साधी गोष्ट नव्या खर्चावाचून होऊ शकते.

आणि जोवर सरकारी नमुन्यात रोगाचा रकाना नाही, तोवर शेतकऱ्याने आपल्या घरच्या वहीत तो आखावा. तुरीची नोंद डिसेंबरात, फुलोरा उतरून शेंगा धरू लागताना करावी. हरभऱ्याची दोनदा, एकदा पेरणीपासून महिन्याच्या आत आणि एकदा घाटे भरताना. किती झाडे मेली, शेताच्या कोणत्या अंगाला मेली, तेथे पाणी साचते की काय, वाण कोणता होता, आणि खोड चिरून पाहिले तेव्हा आत काळी रेघ होती की नव्हती. मेलेल्या झाडांची धसकटे उपटून शेताबाहेर नेऊन जाळली असतील, तर तेही त्याच ओळीत लिहावे.